गळाची काठी घडवताना : योग्य कोरी काठी कशी निवडावी?

मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) परिसराच्या एका अंगाला सीना आणि दुसऱ्या अंगाला भीमा वाहते. पुढे हत्तरसंग-कुडल येथे या दोन्ही नद्यांचा संगम होतो. शके ९४० मधील, म्हणजे इ.स. १०१८ च्या मराठी शिलालेखामुळे हे ठिकाण अभ्यासकांना परिचित आहे. वडकबाळची सीना असो वा औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांमागे साठलेली भीमा, या पाण्याच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे काही नवी नाहीत. आता त्यांत शहरांतून सुटीच्या दिवशी येणाऱ्या हौशी मंडळींची भर पडली आहे. त्यांतील काहींना बाजारातील तयार काठीपेक्षा स्वतः घडवलेली काठी हवी असते.

काठी घडवणे हे वाटते तितके कठीण काम नाही. मूठ बसवणे, रिळासाठी बैठक चिकटवणे, कड्या दोऱ्याने बांधून त्यांवर लेप देणे ही कामे चार-पाच संध्याकाळींत शिकता येतात. त्यांत चूक झाली तरी दोरा सोडून पुन्हा बांधता येतो. मात्र ज्या मूळ दांड्यावर हे सारे उभे राहते, तो चुकीचा निवडला गेला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. दांडा गरजेपेक्षा ताठ असेल तर माशाच्या पहिल्याच हिसक्याला तंगूस तुटतो आणि गळ तोंडात घेऊन मासा निघून जातो. दांडा गरजेपेक्षा लेचापेचा असेल तर गळ रुततच नाही, किंवा मासा जलपर्णीत शिरून बसतो. पैसे आणि हौस दोन्ही बुडतात. माशाच्या वाट्याला येणारी इजा वेगळीच. म्हणूनच या निवडीचा विचार खरेदीपूर्वी, शांतपणे करायला हवा.

कोरी काठी म्हणजे काय?

मूठ, रिळाची बैठक, कड्या यांपैकी काहीही न बसवलेला, बुडाकडून शेंड्याकडे निमुळता होत जाणारा नुसता दांडा म्हणजे कोरी काठी. विक्रेते तिला ‘ब्लँक’ म्हणतात. आजच्या बहुतेक कोऱ्या काठ्या आतून पोकळ असतात. कार्बन किंवा काचेच्या तंतूंचे, राळेत भिजवलेले कापड विशिष्ट आकारात कापून निमुळत्या पोलादी सळईभोवती घट्ट गुंडाळतात. त्यावर ताण देऊन फीत लपेटली जाते आणि मग ते सारे भट्टीत भाजले जाते. राळ कठीण झाल्यावर आतील सळई ओढून काढतात, वरची फीत सोलतात आणि नळी घासून रंगवतात. काही उत्पादक ती घासत नाहीत. अशा काठीवर फितीच्या बारीक कडा बोटाला जाणवतात. तो दोष नव्हे.

सळईचा निमुळतेपणा किती, कापड कोणते आणि त्याचे थर कुठे जास्त, कुठे कमी, या तीन गोष्टींवर काठीचा सारा स्वभाव ठरतो. रंग, चकाकी आणि वेष्टनावरील भारदस्त शब्द यांचा त्या स्वभावाशी संबंध नसतो.

आधी मासा, मग काठी

नवखा ग्राहक दुकानात जाऊन ‘चांगली काठी कोणती?’ असे विचारतो. हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता मासा, कोणत्या पाण्यात आणि कोणत्या पद्धतीने धरायचा आहे, हे ठरल्याशिवाय चांगल्या काठीला अर्थ नाही.

भीमेच्या या पट्ट्यापुरते बोलायचे तर वरच्या बाजूस माढा तालुक्यात उजनी धरण आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. धरणामुळे आणि नदीवरील बंधाऱ्यांमुळे वाहत्या नदीचे अनेक ठिकाणी संथ डोह झाले. अशा पाण्यात कटला, रोहू, मृगळ हे मोठे मासे, सर्वत्र पसरलेली चिलापी, गवता-वेलींत दबा धरून बसणारा मरळ, तळाशी वावरणारे शिंगाडा आणि वाम असे मासे गळाला लागू शकतात. यांतील प्रत्येकाची खाण्याची आणि झुंजण्याची रीत निराळी. पावकिलोची चिलापी आणि पाच किलोचा कटला यांसाठी एकच काठी वापरणे म्हणजे विणकामाच्या सुईने गोणपाट शिवण्यासारखे आहे.

काठाची रचनाही पाहावी लागते. भीमेच्या काठावर ठिकठिकाणी वेड्या बाभळींची दाटी आहे. मागे बाभळी असतील तर बारा फुटांची काठी डोक्यावरून फिरवता येत नाही. उलट बंधाऱ्यामागचा काठ मोकळा आणि पाणी रुंद असेल तर सहा फुटांची काठी हवे तितके लांब आमिष फेकू शकत नाही.

जोर आणि वाक : दोन वेगळ्या गोष्टी

कोऱ्या काठीच्या वर्णनात ‘पॉवर’ आणि ‘अॅक्शन’ असे दोन शब्द हमखास आढळतात. पुष्कळ जण ते एकाच अर्थाने वापरतात आणि निवडीतील निम्मा गोंधळ तेथेच होतो.

पॉवर म्हणजे काठीचा जोर. तिला ठरावीक वाकवण्यासाठी किती वजन लागते, हे त्यातून कळते. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी अशा त्याच्या पायऱ्या असतात. मात्र या पायऱ्यांचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीची मीडियम काठी दुसऱ्या कंपनीच्या मीडियम हेवी काठीइतकी ताठ असू शकते. त्यामुळे शब्दापेक्षा काठीवर दिलेले दोन आकडे अधिक उपयोगाचे : किती पौंडी तंगूस चालेल आणि किती ग्रॅमचे वजन फेकता येईल.

अॅक्शन म्हणजे काठीचा वाक. काठी कुठून वाकते, हे त्यातून समजते. केवळ शेंड्याकडचा तिसरा-चौथा हिस्सा वाकत असेल तर ती ‘फास्ट’. साधारण निम्मी काठी वाकत असेल तर ‘मॉडरेट’. वाक थेट मुठीपर्यंत येत असेल तर ‘स्लो’. जोर सारखाच असलेल्या दोन काठ्यांचे वाक भिन्न असू शकतात.

फास्ट काठीत मनगटाचा झटका तत्काळ गळापर्यंत पोहोचतो. एकेरी जाड गळ मरळाच्या कठीण जबड्यात रुतवायचा असेल तर ती हवीच. मॉडरेट काठी माशाचे हिसके स्वतःच्या अंगावर घेते. कटला आणि रोहू यांचे ओठ मऊ व मांसल असतात. तेथे फार ताठ शेंडा गळ फाडून बाहेर काढतो. कणकेची किंवा पेंडीची गोळी फेकतानाही सावकाश वाकणारी काठीच बरी, कारण झटक्याने गोळी हवेतच सुटून जाते.

टेस्ट कर्व्हचा हिशेब

मोठ्या माशांसाठीच्या ब्रिटिश पद्धतीच्या काठ्यांवर ‘टेस्ट कर्व्ह’ हा आकडा दिलेला असतो. काठी आडवी धरून शेंड्याला वजन लावत गेल्यास ज्या वजनाला शेंडा मुठीशी काटकोन करतो, ते वजन म्हणजे टेस्ट कर्व्ह. जुना ठोकताळा असा की, या आकड्याला पाचाने गुणले की योग्य तंगुसाची ताकद मिळते. टेस्ट कर्व्ह अडीच पौंड असेल तर साडेबारा पौंडी, म्हणजे सुमारे पावणेसहा किलो ताकदीचा तंगूस. फेकण्याच्या वजनाचा ठोकताळा आणखी सोपा आहे : जितके पौंड, साधारण तितके औंस. अडीच औंस म्हणजे सुमारे ७१ ग्रॅम. शिसे आणि आमिष मिळून या वजनाच्या आसपास राहिले की काठी नीट फेकते. हे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. पण नवख्याला मोठी चूक टाळण्यास पुरेसे आहेत.

लांबी वाढली की काय होते?

लांब काठीने दूरवर फेकता येते, हे सर्वांना ठाऊक असते. लांबीची किंमत मात्र ध्यानात घेतली जात नाही. काठी ही तरफ आहे आणि या तरफेची सोयीची बाजू माशाकडे असते. समजा, तीन मीटर लांबीची काठी न वाकता सरळ राहिली आणि शेंड्याशी मासा काटकोनात एक किलो ओढ देत असेल, तर खालच्या हातापासून ३० सेंटीमीटरवर असलेल्या वरच्या हाताला दहा किलोचा भार पेलावा लागेल. काठी वाकली की शेंडा जवळ येतो, तरफेची लांबी घटते आणि हातावरील भार कमी होतो. चांगल्या काठीने वाकायचे असते, ते यासाठी.

दुसरी बाब ताठपणाची. सारख्या जाडीची नळी एका टोकाला पक्की धरली तर दुसऱ्या टोकाचा झुकाव लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. नऊ फुटांची नळी दहा फुटांची केली की त्याच वजनाने शेंडा सुमारे ३७ टक्के अधिक झुकेल. उत्पादक हे भरून काढण्यासाठी बुडाचा व्यास वाढवतात. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास सव्वापट केला तरी ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. आजच्या जोरदार काठ्या बुडाशी जाड असूनही हलक्या का असतात, याचे उत्तर येथे आहे.

यातून एक व्यावहारिक इशाराही मिळतो. लांब काठी स्वस्तात मिळाली म्हणून ती घ्यावी आणि हवी तेवढी कापावी, हा मोह टाळावा. शेंड्याकडून कापले की सर्वांत नाजूक, वाकणारा भाग जातो आणि काठीवर लिहिलेले आकडे निरर्थक ठरतात. कापावेच लागले तर बुडाकडून, तेही थोडेच कापावे.

बांबू, काच आणि कार्बन

काठीच्या साहित्याचा इतिहास आपल्याकडील वाचकाला विशेष वाटावा असा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिका व इंग्लंडमधील कारागीर बांबू उभा चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या एकत्र चिकटवत आणि षट्कोनी काठ्या घडवत. त्यासाठी ते जो बांबू वापरत, तो ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जाई, कारण तो कलकत्ता बंदरातून जहाजाने जात असे. हा बांबू म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, आपल्या विदर्भातील जंगलांत मुबलक वाढणारा मानवेल. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. टोंकिन अधिक सरळ, त्याची पेरे अधिक लांब आणि सालीजवळचे तंतू अधिक दाट होते. अमेरिकेने १९५० मध्ये चिनी मालावर बंदी घातल्यावर हा पुरवठा तुटला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेल्या काचतंतूच्या काठ्यांना मोकळे रान मिळाले. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत कार्बनतंतूवर महत्त्वाचे काम झाले आणि पुढच्या दशकाच्या पूर्वार्धात कार्बनच्या काठ्या विक्रीस आल्या.

आज हे तिन्ही पर्याय उपलब्ध आहेत. कार्बनतंतू काचतंतूच्या तिपटीहून अधिक ताठ आणि वजनाने सुमारे सत्तर टक्केच असतो. त्यामुळे कार्बनची काठी बारीक, हलकी आणि संवेदनशील होते. तळाशी माशाने आमिषाला तोंड लावलेले बोटांना कळते. मात्र कार्बन आघाताला भितो. दगडावर आपटलेली किंवा शिशाचा तडाखा बसलेली काठी त्या क्षणी मोडत नाही. पुढे कधीतरी मासा ओढताना त्याच जागी तडकते. कार्बन जितका उच्च प्रतीचा, म्हणजे जितका ताठ, तितकी भिंत पातळ ठेवता येते आणि तितकी ही भीती वाढते. ‘अधिक टनाचा कार्बन’ ही जाहिरात म्हणूनच निव्वळ गुण समजू नये. खडकाळ काठावर, लहान मुलांच्या हाती किंवा होडीत तुडवली जाण्याची शक्यता असेल तेथे काचतंतूची अथवा काच-कार्बन मिश्रणाची काठी अधिक शहाणपणाची.

भीमाकाठासाठी तीन नमुने

आतापर्यंतचे निकष एकत्र केले तर या भागातील पाण्यासाठी स्थूलमानाने तीन प्रकारच्या कोऱ्या काठ्या पुढे येतात.

पहिली, चिलापी आणि इतर लहान माशांसाठी : सहा ते सात फूट, लाइट जोर, मॉडरेट वाक, चार ते आठ पौंडी तंगूस. शिकण्यासाठी ही सर्वांत उत्तम आणि काचतंतूची असली तरी चालते.

दुसरी, कटला, रोहू, मृगळ यांसाठी काठावरून तळाला आमिष टाकण्याची : दहा ते बारा फूट, मॉडरेट वाक, टेस्ट कर्व्ह दोन ते पावणेतीन पौंड, तंगूस दहा ते चौदा पौंडी. मागे बाभळी असतील तर नऊ फुटांवर समाधान मानावे.

तिसरी, गवता-वेलींतील मरळासाठी : सात फुटांच्या आसपास, मीडियम हेवी ते हेवी जोर, फास्ट वाक. येथे नायलॉनऐवजी विणलेला दोर, तोही तीस ते पन्नास पौंडी वापरतात, कारण मासा वेलींसकट ओढून काढावा लागतो. अशा दोराला ताण अजिबात नसतो. हिसका सोसण्याचे सारे काम काठीवर पडते, हे लक्षात ठेवावे.

एकच काठी घ्यायची असेल तर सर्वांत जास्त वेळा जो मासा धरला जाणार, त्याची घ्यावी. ‘सगळ्यांसाठी थोडी थोडी’ असलेली काठी बहुधा कोणासाठीच पुरी पडत नाही.

घरच्या घरी मोजमाप

शब्दांवर विसंबण्यापेक्षा काठी मोजता येते. अमेरिकेत विल्यम हॅनमन यांनी शेंड्याला नाण्यांची पिशवी लटकवून काठ्यांची तुलना करण्याची पद्धत प्रचारात आणली. ठरावीक झुकाव येण्यास किती नाणी लागली, यावरून जोर ठरतो. आपल्याकडे नाण्यांऐवजी पाणी वापरता येईल, कारण एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते.

काठीचा बुडाकडील एक फूट भाग टेबलावर आडवा व पक्का बांधावा. नऊ फुटांच्या काठीचा आठ फूट भाग मोकळा राहील. शेंड्याची जमिनीपासूनची उंची नोंदवावी. शेंड्याला पातळ प्लास्टिकची पिशवी बांधून औषधाच्या मापाने तीत थोडे थोडे पाणी ओतत जावे. शेंडा मोकळ्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे येथे ३२ इंच खाली आला की थांबावे. किती मिलिलिटर पाणी लागले, तो काठीचा जोर. त्याच वेळी शेंड्याने आडव्या रेषेशी केलेला कोन पाहावा. दोन काठ्यांत ज्या काठीचा कोन मोठा, ती शेंड्याकडून अधिक वाकणारी, म्हणजे अधिक फास्ट. आवडत्या जुन्या काठीचे असे माप घेऊन ठेवले तर नवी काठी तिच्याशी पडताळता येते. चाचणी हळुवार करावी आणि शेंडा याहून फार खाली नेऊ नये.

घेताना काय तपासावे?

काठी सपाट काचेवर किंवा फरशीवर गडगडवून पाहावी; शेंडा फार उड्या मारत असेल तर ती वाकडी आहे. डोळ्याजवळ धरून बुडाकडून शेंड्याकडे नजर टाकावी. किंचित बाक बहुतेक काठ्यांत असतो आणि कड्या योग्य बाजूस बांधून तो झाकता येतो. कापडाच्या थरांच्या जोडामुळे एका बाजूला काठी थोडी अधिक ताठ असते. तिला ‘स्पाइन’ म्हणतात. कड्या तिच्या कोणत्या अंगास बांधाव्यात, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. पण काठी सरळ दिसणे अधिक महत्त्वाचे, असे मानणारे बरेच आहेत.

दोन तुकड्यांची काठी असेल तर सांधा जोडून हलवून पाहावा. खडखड आली तर ती घेऊ नये. आत खुंटी असलेल्या सांध्यात दोन तुकड्यांमध्ये थोडी फट राहते. ती मुद्दाम ठेवलेली असते, कारण वापराने खुंटी झिजली की सांधा अधिक आत सरकतो. बुडाच्या तोंडाशी नळीची भिंत सर्व बाजूंनी सारखी जाड आहे ना, हेही पाहावे. शेंड्याचा व्यास विचारून घ्यावा. टोकाच्या कडीची नळी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. ५/६४ म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर. हा आकडा चुकला तर कडी बसत नाही.

कड्यांची संख्या काठीच्या फुटांइतकी अधिक एक, असा ढोबळ नियम आहे. कड्या, दोरा आणि लेप यांच्या वजनाने तयार काठी कोऱ्या काठीपेक्षा थोडी मंद होते. म्हणून दोन काठ्यांत मन अडखळत असेल तर किंचित फास्ट काठीकडे झुकावे आणि शेंड्याकडे हलक्या कड्या वापराव्यात.

बांबूची काठी हवी असल्यास

परदेशी कोऱ्या काठ्यांची किंमत, वाहतुकीतील मोडतोडीची धास्ती आणि न पाहता करावी लागणारी खरेदी यांमुळे काहींचा ओढा बांबूकडे असतो. साध्या गळासाठी तो आजही उत्तम आहे. मानवेल भरीव किंवा जवळजवळ भरीव असतो, म्हणून लाठीसाठी त्याची ख्याती आहे. कोकणातील माणगाही जाड भिंतीचा आणि बिनकाट्याचा. बुरडाकडून बांबू घेताना तो किमान तीन वर्षे वयाचा, सरळ आणि आखूड पेरांचा पाहावा. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला बांबू बरा. त्यातील पिष्ट कमी झालेले असल्याने भुंगा कमी लागतो. तो सावलीत सावकाश वाळवावा. वाळलेला बांबू ठोकल्यावर खणखणीत वाजतो, ओला बद्द आवाज करतो. वाकवून सोडला की तो ताबडतोब सरळ झाला पाहिजे. बाक तसाच राहिला तर तो कोवळा समजावा.

२०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली. एकेकाळी जगाला काठ्यांचा बांबू पुरवणाऱ्या देशात चिरीव बांबूच्या काठ्या पुन्हा घडू लागल्या तर ती हातांना काम देणारी गोष्ट ठरेल.

विजेच्या तारांपासून सावध

कार्बन विजेचा उत्तम वाहक आहे, ही गोष्ट या साऱ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची. नदीकाठच्या उसाला पाणी देणाऱ्या पंपांसाठी भीमा आणि सीनेच्या काठांवरून जागोजागी विजेच्या तारा गेल्या आहेत. दहा-बारा फुटांची कार्बनची काठी उभी धरून चालणाऱ्या माणसाचा शेंडा अशा झोळ पडलेल्या तारांच्या जवळ सहज पोहोचतो. उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही. हवेतूनही वीज झेप घेऊ शकते. ब्रिटनमध्ये तारांपासून ३० मीटर अंतरात गळ टाकू नये, असा सल्ला दिला जातो. आपणही तो पाळावा. जागा बदलताना काठीचे तुकडे सोडवून ती आडवी न्यावी. काचतंतू किंवा बांबू ओला असेल तर तोही सुरक्षित समजू नये. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात आकाश गडगडू लागले की काठी खाली ठेवून काठावरून निघून जावे.

शेवटी पाण्याचा विचार

विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील खुदरी हा महसीर पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला होता. हेच पाणी पुढे भीमेला मिळून उजनीमार्गे मंद्रूपच्या शिवारापर्यंत येते. आज महसीर टिकावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास करावी लागते. गळ टाकणाऱ्याने ही वस्तुस्थिती विसरू नये. राज्यातील अनेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि त्यावर कुटुंबे जगतात. गळ टाकण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घेणे आवश्यक आहे. पावसाळ्याच्या आरंभी मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या दिवसांत काठी घरीच ठेवलेली बरी.

योग्य काठीचा संबंध येथेही येतो. पुरेशा जोराची काठी मासा लवकर काठावर आणते. तो दमून अर्धमेला होत नाही आणि सोडून द्यायचा असेल तर जगण्याची शक्यता वाढते. तंगुसाशी जुळणारी काठी तंगूस तुटू देत नाही, म्हणून गळ आणि दोरीचे तुकडे पाण्यात, पक्ष्यांच्या पायांत राहत नाहीत. मासा कोणता, काठ कसा, तंगूस किती पौंडी, लांबी किती, वाक कोणता आणि मग साहित्य कोणते, या क्रमाने विचार केला तर निवड फारशी चुकत नाही. किंमत आणि कंपनीचे नाव हे प्रश्न त्यानंतरचे.